डाव्या गुडघ्याची मोटार

माझ्या नातीच्या रोबोत सतरा मोटारी होत्या आणि एका दुपारी घरात कोणी नसताना मी त्या सतराही हाताने फिरवून पाहिल्या. हे आधीच सांगून टाकते. कारण हेच वाक्य तेव्हा तोंडातून काढायला मला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत एका गुणी पोरीनं स्वतःला बिनकामाचं ठरवून टाकलं.

नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. तेव्हा अमरावतीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. अकोल्याचं आमचं दुकान बंद झालं तेव्हापासून मी लेकीकडेच राहते. दुकान मोटारी भरायचं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार खाचाखाचांतून बसवायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं, चालू करून द्यायची. नवऱ्यानं धंदा काढला आणि मी लग्न होऊन आल्यावर सहाच महिन्यांत त्यात हात घातला. माझी बोटं बारीक होती, खाचेत तार दाबायला बरी पडायची. पुढे चाळीस वर्षं तेच केलं. त्यामुळे घरात मिक्सर बिघडला, कूलर गुरगुरला, पंख्यानं मान टाकली की सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात. मलाही ते आवडतं. खोटं कशाला बोलू, फारच आवडतं.

रोबो दीड फुटाचा. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे हातपाय, साबणाच्या डबीएवढं डोकं. एका पायात पाच मोटारी, एका हातात तीन, मानेत एक. या मोटारींना सर्वो म्हणतात. काडेपेटीहून जराशी जाड डबी, तिच्यातून तीन वायरी निघतात. आमची पंपाची मोटार एकदा सुरू केली की गरगर फिरत राहते, तिला अक्कल नसते. सर्वोला सांगावं लागतं की चाळीस अंशावर जा आणि तिथेच थांब. ती जाते आणि थांबते. ढकललं तरी हलत नाही. मी नातीला म्हटलं होतं, "अशी सून भेटली असती तर तुह्या पणजीनं देव पाण्यात ठेवणं सोडलं असतं."

या सतरा जणींना हुकूम कोण देणार, यावर आमच्या हॉलमध्ये सलग तीन संध्याकाळी भांडण झालं. नात आणि तिची मैत्रीण, दोघींचा मिळून हा रोबो, कॉलेजांच्या प्रदर्शनात मांडायचा. मैत्रीण वरुडची, घरी संत्र्याचा बगीचा, इथे होस्टेलवर राहते आणि जेवायला आमच्याकडे असते. तिचं म्हणणं, माणसासारख्या रोबोसाठीच बनवलेला तयार बोर्ड मिळतो तो घ्यावा. सगळ्या सर्वो त्यालाच खोचायच्या, कॉम्प्युटरवर दांडी सरकवली की पाय उचलतो, ते त्यात साठवून ठेवायचं, झालं. नातीला ते नको होतं. तिला साधा निळा बोर्ड हवा होता, ज्याच्यात प्रोग्रॅम आपण स्वतः लिहायचा, आणि त्याला जोडून एक सोळा तोंडांची पट्टी, जिच्यातून सोळा सर्वो चालतात. सतरावी मानेची, ती थेट बोर्डावर.

"पण चूक झाली तर शोधत बसशील," मैत्रीण म्हणाली.

"शोधीन. तुले सगळं सोललेलंच पाह्यजे. संत्र्याच्या गावची असून."

"अन् तुले झाड लावण्यापासून सुरुवात करायची राह्यते. प्रदर्शन महिन्यावर आलं, बगीचा नाही लावायचा आपल्याले."

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मला बोर्डातलं काही कळत नव्हतं, आजही बेताचंच कळतं. पण विचारल्यावर गप्प बसणं आमच्या दुकानाच्या शिस्तीत बसत नव्हतं. मी पाय पोटाशी घेतले आणि म्हटलं, "आतली तार ज्यानं भरली त्यालेच मोटार समजते. स्वतः लिहायचं असंल तर स्वतःचाच बोर्ड घ्या." नात खूश झाली. मैत्रीण "आजी तिच्याच पार्टीची" म्हणून पोळी घ्यायला उठली. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं की कोणता भाग का निवडला ते कागदावर लिहून एकीनं सही करायची, आणि जिची सही ती प्रमुख. बोर्डाखाली नातीनं सही केली.

रोबो उभा राहिला. उठाबशा काढायला लागला. मी म्हटलं, बिचाऱ्यानं गृहपाठ केला नसेल. दहा उठाबशा काढून तो सरळ उभा राहायचा आणि मान डावीकडे वळवायचा. ती मान वळली की दोघी एकमेकींना चिमटे काढायच्या.

आता ती दुपार.

लेक ऑफिसात, जावई बाहेरगावी, नात कॉलेजात. रोबो दिवाणावर उताणा पडलेला. मी पंख्याखाली बसायला म्हणून गेले आणि माझा हात आपोआप त्याच्या मानेकडे गेला. आमच्या धंद्यात मोटार समोर आली की पहिलं काम एकच, शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, हाताने फिरवून पाहायचा. जाम आहे का, बेअरिंग खरखरतं का, कुठे घासतं का, हे बोटांना आधी कळतं, मीटरला नंतर. न फिरवता मोटार कामाला घेतली तर नवरा म्हणायचा, नाडी न पाहता औषध देते का. चाळीस वर्षांची सवय. मी मान फिरवली, मग खांदे, कोपर, मग खाली. प्रत्येक ठिकाणी थोडं अडायचं, मग कुरकुर करत फिरायचं. डाव्या गुडघ्यात तर पारच अडलं होतं. मला वाटलं, जाम आहे.

जाम शाफ्ट सोडवायची आमची पद्धत अशी की एकदा इकडे, एकदा तिकडे, थोडा जोर, परत इकडे. मी तसंच केलं. आत कर्र असा बारीक आवाज झाला, चण्याची डाळ दाताखाली यावी तसा, आणि मग गुडघा लोण्यासारखा फिरायला लागला.

मी खूश झाले. माझी चूक इथे नीट समजून घ्या. मोडल्याची भीती मला वाटलीच नव्हती. मला वाटलं होतं, दुरुस्त केली. पोरगी आली की पाहील, तिला कळणारही नाही आणि तिचं काम हलकं होईल. अशा कौतुकात मी चहा करून घेतला.

संध्याकाळी दोघी आल्या, रोबो उभा केला, पहिल्याच उठाबशीला त्याचा डावा गुडघा दुमडला आणि तो तोंडावर पडला. परत उभा केला, परत पडला. तिसऱ्यांदा नातीनं त्याला अधांतरी धरून चालू केला. गुडघ्यातून गूं असा आवाज येत होता, आणि पाय नुसता लोंबत होता. तो आवाज मी ओळखला. मोटार फिरते आहे आणि पुढे काही पोचत नाही, हे मला जगात कोणी सांगायची गरज नव्हती.

"आजी, तू हात लावला होता का याले?" तिनं विचारलं. आवाजात संशय नव्हता. विचारायचं म्हणून विचारलं.

"म्या कायले हात लावू," मी म्हटलं. "व्होल्टेज असंल."

हे शेवटचे दोन शब्द कुठून आले ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्या तरुणपणाची ओळख होईल. ओळख करून घेण्यासारखं त्यात काही नाही, पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

अकोल्यातल्या त्या रस्त्यावर दुकानात बसून मोटार भरणारी बाई मी एकटीच होते, आणि हे मला दिवसातून दहादा आठवायचं. अंबाड्यात टेस्टर खोचलेला, पदर कमरेला, बोटांना वार्निश. गिऱ्हाईक आलं की ती बाई, म्हणजे मी, शाफ्टला एक गिरकी द्यायची, डोळे मिटून कान लावायची, जशी काही वैद्याची लेक, आणि मग डोळे उघडून निदान सांगायची. कान लावून तिला काही कळायचं नाही. निदान तिला जळक्या वासावरून दारातच झालेलं असायचं. पण गिरकी सुटली नाही. त्या बाईला आज मी रस्त्यात पाहिलं तर दुसऱ्या बाजूनं जाईन.

तिच्याकडे एक हुकमी वाक्य होतं. भरलेली मोटार आठ दिवसांत पुन्हा जळून आली की म्हणायचं, "व्होल्टेज कमी-जास्त झालं असंल." मोटारी भरणाऱ्या कोणालाही विचारा, हे वाक्य त्याला तार कापायच्या आधी शिकवतात. बऱ्याचदा ते खरंही असतं, म्हणून तर चालतं. एकदा मूर्तिजापूरकडचा एक भाजीवाला सायकलच्या कॅरिअरला आपल्या शेतातल्या पंपाची मोटार बांधून घेऊन आला. मी भरून दिली. सहाव्या दिवशी तो पुन्हा आला. मी मोटार उघडली तर एका खाचेत तार लोखंडाला टेकू नये म्हणून घालतात तो कागद घालायचाच राहिलेला, तिथेच तार चिकटून जळालेली. कागद घालायचं काम माझं होतं. मी वर पाहिलं आणि म्हटलं, "तुमच्या लाइनचं व्होल्टेज." तो माणूस ओशाळला. "आमच्या खेड्याची लाइनच तशी आहे ताई, तुमच्या कामाले बट्टा लागला," म्हणाला. त्यानं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. त्याच्या वांग्यांना मोटार पुन्हा भरून होईपर्यंतचे चार दिवस पाणी कुठून मिळालं, हे मी विचारलं नाही.

तर तेच वाक्य मी माझ्या नातीला दिलं.

आणि ते तिला पटलं, इथे सगळा घोळ झाला. आजी चाळीस वर्षांची मोटारवाली, ती उगीच बोलणार नाही. शिवाय सर्वोंच्या दुनियेत हे खरंच घडतं. बऱ्याच सर्वो एकदम हलल्या की बॅटरीवर ताण येतो, व्होल्टेज पडतं, बोर्ड गोंधळतो आणि पाय गळतात. नातीनं मीटर लावला. उठाबशी काढताना आकडा जरासा खाली येत होता. तो आधीही येत असणार, पण आधी कोणी पाहिला नव्हता. "आजी, तू बरोबर होती," ती म्हणाली. मी त्या वेळी मेथी निवडत होते. निवडलेली मेथी मी देठांत टाकली आणि देठ भाजीत.

मग तिनं बॅटरी बदलली. पाय पडलाच. वायरी जाड घातल्या. पडलाच. सर्वोंची बॅटरी वेगळी, बोर्डाची वेगळी केली. तरी पडला. प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिला. प्रत्येक वेळी मी जवळपास कुठेतरी असायचे, आणि प्रत्येक वेळी सांगायला तोंड उघडायचे आणि काहीतरी भलतंच विचारायचे. चहा घेते का. पंखा वाढवू का. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तर सांगणं आणखी अवघड झालं. कारण आता नुसतं मोटार मोडल्याचं सांगून भागणार नव्हतं, चार दिवस पाहत बसले हेही सांगावं लागणार होतं. पाचव्या दिवशी पाच दिवसांचं. हे असं वाढतच जातं.

आठव्या दिवशी मैत्रीण म्हणाली, "मी म्हणत होते ना. बोर्ड." भांडून नाही, थकून म्हणाली.

नातीनं फोन काढून तयार बोर्ड कुठे मिळतो ते पाहायला घेतलं. सोललेल्या संत्र्याचंही काही बोलली नाही. मला वाटलं होतं, उलटून बोलेल.

तयार बोर्ड ऑनलाइन मागवायला वेळ नव्हता. फोनाफोनी केली तेव्हा अकोल्यातल्या एका दुकानात एक शिल्लक निघाला. शनिवारी जाऊन आणायचं ठरलं. मैत्रिणीची परीक्षा होती, म्हणून मी म्हटलं, मी येते सोबत, अकोला माझं आहे. लेक म्हणाली, बरं झालं, आजीला मोटारीतलं कळतं.

एसटीत नातीनं रोबोला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातला होता आणि पिशवी मांडीवर घेतली होती. पाय बाहेर आले होते. कंडक्टर तिकीट फाडताना पिशवीकडे बघून म्हणाला, "लेकराचं हाफ काढू का?"

"पाच वर्षांच्या आतलं हाय," मी म्हटलं.

कंडक्टर हसला, मागच्या सीटवरचे हसले. नात खिडकीबाहेर पाहत होती. बडनेरा गेल्यावर ती म्हणाली, "आजी, सोमवारी मी सरांना सांगणार आहे. पुढचं तीच पाहील. सही तिची घाला म्हणून."

"काहून वं?"

"मले नाही जमत निवडायले. वायरी जोडायचं जमते, सांगितलं तेवढं लिहायचं जमते. पण हे घ्या, ते नको, असं ठरवायचं डोकं वेगळं असते. ते तिच्याकडे हाय." मग म्हणाली, "पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टलेही मी नाव नाही देणार प्रमुख म्हणून. बरं झालं, लवकर कळलं."

तिनं हे रडून सांगितलं असतं तर मी तिथेच बोलले असते, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण ती रडली नाही. बाजाराची यादी वाचावी तसं सांगितलं. आणि मी काय केलं? मी पिशवीतून लिंबाच्या गोळ्या काढल्या आणि तिला एक दिली. तिनं घेतली. मूर्तिजापूर येईपर्यंत दोघी गोळ्या चघळत होतो.

दुकान आमच्या जुन्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे निघालं. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, टेबलावर उघडलेले रेडिओ, घड्याळं, ड्रोनचे पंखे. नातीनं बोर्ड मागितला. त्यानं डबी काढली, पण दिली नाही. आधी विचारलं, "जुन्याले काय झालं?"

नातीनं सगळं सांगितलं. बॅटरी, वायरी, प्रोग्रॅम. आणि म्हणाली, "ही माझी आजी. इथंच यांचं मोटारी भरायचं दुकान होतं, चाळीस वर्षं. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं व्होल्टेज हाय, पण माझ्या बोर्डावर ते काही केल्या सुधरून नाही राह्यलं."

हे ती अभिमानानं सांगत होती. नऊ दिवसांत तिच्या आवाजात अभिमान मी पहिल्यांदा ऐकला आणि तो माझ्याबद्दल होता.

"आणलं का सोबत?" त्यानं विचारलं. लुगडं सोडलं. त्यानं डाव्या गुडघ्याची सर्वो काढली, एका बटणाच्या डबीला जोडली आणि बटण फिरवलं. गूं. बाहेरचा दांडा चिमटीत धरला तर तो जागच्या जागी. मग त्यानं चार बारीक स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत पांढऱ्या ग्रीसमध्ये चार छोटी चक्रं होती. एकाचे तीन दाते साफ गेलेले, त्यांचा भुगा ग्रीसमध्ये पडलेला. पहिल्या खेपेला दोघींनी प्लास्टिकच्या दात्यांच्या सर्वो घेतल्या होत्या, हलक्या म्हणून.

"हे बोर्डानं नाही झालं," तो म्हणाला. "ही बाहेरून फिरवलेली आहे. जोरानं. असे दाते हाताशिवाय जात नाहीत."

"आमच्या घरी कोणी हात लावत नाही," नात लगेच म्हणाली. मग हळू आवाजात, "माझ्याच हातून झालं असंल. भरून ठेवताना वगैरे. मी धांदरटच हाय."

त्या माणसानं चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. जास्त वेळ नाही. एका मोटारवाल्यानं दुसऱ्या मोटारवाल्याकडे पाहावं तसं. शाफ्ट हाताने फिरवून पाहणारी माणसं त्यानं आयुष्यभर पाहिली होती, समोर बसलेली त्याला ओळखू न येण्यासारखी नव्हती. मग त्यानं नजर काढून घेतली आणि सर्वोचं झाकण परत लावत म्हणाला, "होते कधी कधी. तसं म्हटलं तर व्होल्टेजनंही झटका बसते, दात जाऊ शकतात."

जाऊ शकत नाहीत. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. म्हातारीची लाज राखायला तो खोटं बोलला होता, आणि किती सफाईनं बोलला. मला फक्त मान हलवायची होती. नातीनं पर्स उघडून बोर्डाच्या डबीकडे हात नेला होता.

"नाही," मी म्हटलं. "म्या फिरवली."

नात वळली.

"म्या फिरवली वं. तू कॉलेजात होती तवा. मले वाटलं, जाम हाय. जोर लावला, आवाज आला, मले समजलं नाही. संध्याकाळी तू विचारलं तवा मात्र समजलं होतं. तरी नाही म्हटलं."

दुकानदार खाली वाकून खोक्यात काहीतरी शोधायला लागला.

"म्हंजे व्होल्टेज?" तिनं विचारलं.

"ते असंच तोंडातून आलं."

"नऊ दिवस?"

"नऊ दिवस."

मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती स्टुलावर बसली, रोबोचा तो लोंबता पाय तिनं मांडीवर घेतला आणि खाली पाहून विचारलं, "हीच एक फिरवली? का अजूक?"

एवढ्यावर थांबता आलं असतं. गुडघा सापडलाच होता. "सगळ्या," मी म्हटलं. "मानेपासून."

मग आम्ही तिघांनी सतराही तपासल्या. दुकानदार बटण फिरवायचा, नात कागदावर आकडा लिहायची, मी नुसती बसून होते, दोन्ही हात पदराखाली घेऊन. डावा गुडघा गेला होता, उजव्या घोट्याचा एक दाता गेला होता, आणि मानेची सर्वो मध्यावर थांबतच नव्हती, थरथरत राहायची, आणि नातीनं तेही व्होल्टेजचंच धरलं होतं. मी तिला तिच्या हद्दीपलीकडे नेलं होतं. बाकी चौदा वाचल्या होत्या. नातीनं तीन नव्या घेतल्या, धातूच्या दात्यांच्या, त्याच मापाच्या. त्या जरा जड आहेत म्हणून उठाबशीचा वेग कमी करावा लागेल का, असं तिनं दुकानदाराला विचारलं. तो हो म्हणाला. बोर्डाची डबी तिनं त्याच्याकडे परत सरकवली.

सर्वो बदलताना एक गोष्ट सांभाळावी लागते, हे मी त्या टेबलावर शिकले. नवी सर्वो आधी बोर्डाला जोडून बरोबर मध्यावर आणायची, आणि मगच तिच्यावर पाय चढवायचा. हाताने मध्य शोधायचा नाही, मध्य तिचा तिला शोधू द्यायचा. नातीनं ते मला समजावून सांगितलं नाही. दुकानदाराशी बोलत होती, मी ऐकत होते.

परतीच्या गाडीत तिनं मैत्रिणीला फोन लावला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.

"आजी बोलते," मी म्हटलं. "बोर्डाचं काही नव्हतं. मोटार म्या मोडली होती, हातानं फिरवून. अन् खोटं बोलली."

 मग मैत्रीण म्हणाली, "म्हणजे निळा बोर्ड ठीक होता?"

"ठीक होता. पहिल्यापासून."

"मंग मी तिले उगीच बोलली." मग म्हणाली, "आजी, तुम्ही ना." पुढे काय ते तिला सुचलं नाही, किंवा मोठ्या माणसाला म्हणता आलं नाही. मी फोन परत दिला. दोघी घोट्याच्या सर्वोबद्दल बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता नात म्हणाली, "सोमवारी मीच येते सरांकडे. सही माझीच राहू दे." मैत्रीण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नातीनं तोंडावर हात ठेवला होता. हसली असावी.

घरी पोचल्यावर लेकीला मीच सांगितलं. नात आत निघून गेली होती, माझी बाजू घ्यायलाही थांबली नाही आणि तक्रार करायलाही. लेक म्हणाली, "आई, तुला शोभतं का हे?" मी म्हटलं, "शोभत नाही. पण जुनंच हाय." तिला मूर्तिजापूरच्या भाजीवाल्याची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि कुकर लावायला गेली.

प्रदर्शनात रोबोनं दहापैकी सात उठाबशा काढल्या आणि मग बसून राहिला. बक्षीस नागपूरच्या पोरांनी नेलं. परीक्षकांनी नातीला विचारलं, तयार बोर्ड सोडून हा का निवडला. मी दुसऱ्या रांगेत होते. तिनं पाच मिनिटं सांगितलं, मधे एकदाही मैत्रिणीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. मधे काय अडचण आली, असंही त्यांनी विचारलं. "तीन सर्वो बिघडल्या होत्या," ती म्हणाली. "कशामुळे?" "हाताळताना." तेवढंच. मी खुर्चीत जरा खाली सरकले.

आता त्याला दीडेक वर्ष झालं. नवा रोबो उंच आहे, चोवीस सर्वोंचा, सगळ्या धातूच्या दात्यांच्या. तोही दिवाणावरच उताणा पडलेला असतो. मी परवा म्हटलं, "कपाटात ठेवत जा ना वं. कुलूप लाव."

"काहून? तू हात लावणार हाय का?"

"नाही."

"मंग राहू दे."

तिनं पाठीला बॅग लावली, चपला घातल्या, आणि दारातून एकदा माझ्याकडे पाहिलं, लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. मग गेली. मी त्या दुपारी पंख्याखाली बसायला गेले नाही, स्वयंपाकघरातच बसून राहिले, उकाड्यात.